मुंबईच्या एफएमवर तीच ती गाणी का लागतात?

सकाळी साडेनऊला पश्चिम द्रुतगती मार्गावर अडकलेल्या कुठल्याही टॅक्सीत हे ऐकायला मिळतं. जाहिराती सुरू झाल्या की ड्रायव्हर बटण दाबतो. पुढच्या स्टेशनवर गेल्या महिन्यात आलेल्या सिनेमाचं गाणं चालू असतं. तिथं जाहिरात लागली की तो आणखी पुढं जातो, आणि तिथंही तेच गाणं, फक्त दुसऱ्या अंतऱ्यावर पोचलेलं. शहरात आकाशवाणी धरून डझनभर एफएम स्टेशनं आहेत, तरी कान मात्र एकाच गल्लीत फिरत राहतो.

लोक याचा राग आरजेवर काढतात. पण गाणं आरजे निवडत नाही. तो किंवा ती स्टुडिओत बसते तेव्हा पुढच्या चार तासांची गाणी, जाहिराती आणि जिंगल यांचा क्रम आधीच ठरून पडद्यावर आलेला असतो. हा क्रम स्टेशनचा संगीत विभाग सिलेक्टरसारख्या सॉफ्टवेअरमधून काढतो. त्यात प्रत्येक गाण्याला एक वर्ग दिलेला असतो: नवं आणि जोरात चाललेलं, नुकतंच उतरणीला लागलेलं, पाच-दहा वर्षांपूर्वीचं, त्याहून जुनं. कुठल्या वर्गातलं गाणं किती तासांनी परत लागावं, एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ येऊ नयेत, हे नियम एकदा भरले की यंत्र दिवसभराची यादी काढून देतं. चालू गाण्यांची ही यादी फार लांब नसते, आणि वरच्या वर्गातली मूठभर गाणी तर दिवसातून अनेकदा फिरतात.

मग ही यादी इतकी छोटी का ठेवतात? याचं उत्तर मला तरी संगीतात सापडत नाही. ते परवान्याच्या कागदात आणि हवेतल्या लहरींच्या स्वभावात आहे, आणि तिथवर पोचायला जवळजवळ शंभर वर्षं मागं जावं लागतं.

मुंबईत रेडिओ सुरू केला तो हौशी मंडळींनी. १९२३ मध्ये बॉम्बे रेडिओ क्लबनं इथून कार्यक्रम प्रसारित केले. कुलाब्याला अपोलो बंदराजवळचा रेडिओ क्लब आज लोकांना जेवणावळी आणि समारंभांसाठी माहीत आहे, पण त्याच्या नावातला रेडिओ खराखुरा आहे. पुढं २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झालं. प्रक्षेपक दीड किलोवॉटचा होता. कंपनी खासगी होती, आणि तिची मुख्य मदार श्रोत्यांच्या परवाना शुल्कावर होती. हो, तेव्हा रेडिओ ऐकायलाही परवाना लागायचा, वर्षाला १० रुपये. इतके श्रोतेच नव्हते, त्यामुळे १९३० मध्ये कंपनी बुडाली आणि सरकारनं प्रसारण ताब्यात घेतलं. १९३६ मध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. पुढची जवळजवळ सहा दशकं या देशात रेडिओ म्हणजे सरकार.

सरकारी रेडिओवर सिनेमाची गाणी लागावीत का, हा वाद १९५२ मध्ये पेटला. माहिती आणि प्रसारण मंत्री होते बा. वि. केसकर, मूळचे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. त्यांनी या गाण्यांच्या वेळेवर मर्यादा आणली. गाण्याबरोबर चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे त्याची फुकट जाहिरात, म्हणून तेही बंद केलं. निर्मात्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली, आणि आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीतं जवळपास नाहीशी झाली. केसकरांच्या काळात संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला, अनेक शास्त्रीय गायक-वादकांना आकाशवाणीचा भक्कम आधार मिळाला, हे त्यांच्या खात्यावर नोंदवायलाच हवं. पण श्रोत्यानं रात्री आठला काय ऐकावं, हे दिल्लीतून ठरवता येईल हा त्यांचा हिशेब चुकला.

चुकला तो लहरींमुळे. कोलंबोला दुसऱ्या महायुद्धात दोस्तराष्ट्रांच्या सैन्यासाठी उभारलेला ताकदवान लघुलहरी प्रक्षेपक होता. युद्ध संपल्यावर तो रेडिओ सिलोनकडे आला. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावर आदळून परत जमिनीकडे येतात, आणि असं करत हजारो किलोमीटर जातात. मुंबई कोलंबोपासून सुमारे दीड हजार किलोमीटर. म्हणजे गिरगावातल्या चाळीत सिलोन लावायला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती; लागायचा तो फक्त रेडिओ आणि खिडकीबाहेर सोडलेली एरियलची तार. खरखर व्हायची, आवाज लाटेसारखा वर-खाली व्हायचा, पण गाणी लागायची.

आणि ती गाणी जायची मुंबईतूनच. अमीन सयानी मुंबईत कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायचे आणि टेप विमानानं कोलंबोला जायच्या. बिनाका गीतमाला १९५२ च्या डिसेंबरात सुरू झाली, एका टूथपेस्टच्या जाहिरातीसाठी. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली, असं सयानी पुढं अनेकदा सांगत. काही काळानं तिचं रूपांतर क्रमवारीत झालं, म्हणजे ध्वनिमुद्रिकांची विक्री आणि श्रोत्यांची पसंती यांवरून गाण्यांचे नंबर लागू लागले. माझ्या मते आजच्या एफएमचा पाया इथं आहे. जाहिरातदाराचा पैसा, लोकप्रियतेची मोजणी आणि त्या मोजणीवरून ठरणारी गाणी, ही सांगड याच कार्यक्रमानं घालून दिली. फरक इतकाच की सयानींकडं आठवड्यातला एक तास होता. आज तोच तास चोवीस वेळा लावला जातो.

आकाशवाणीनं उत्तर दिलं ते ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, विविध भारती सुरू करून. पंडित नरेंद्र शर्मा या सेवेचे पहिले सूत्रधार. फौजींसाठी जयमाला, रात्री छायागीत, नाटुकल्यांचं हवामहल, आणि फर्माइशीचे कार्यक्रम. झुमरीतलैया नावाचं तेव्हाच्या बिहारमधलं एक छोटं गाव केवळ फर्माइशीची पत्रं पाठवून देशभर प्रसिद्ध झालं. आपल्याकडं मुंबई केंद्राची ‘आपली आवड’ मराठी गाण्यांसाठी हेच काम करत होती, आणि ‘भावसरगम’मधून यशवंत देवांसारख्या संगीतकारांनी नवी भावगीतं घराघरांत पोचवली. ही गाणी कुठल्याही चित्रपटातली नव्हती. ती रेडिओसाठीच लिहिली, बांधली आणि गायली गेली. एखादं स्टेशन नुसतं संगीत वाजवत नाही, घडवूही शकतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

१ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर जाहिराती आल्या, आणि प्रयोग सुरू झाला तो मुंबई, पुणे आणि नागपूर इथून. त्यानंतर पाव शतक फार काही बदललं नाही.

बदल घडवला तो एफएमनं. मुंबई आकाशवाणीच्या मराठी अस्मिता वाहिनीची ५५८ किलोहर्ट्झची मध्यम लहर जमिनीला धरून दूरवर जाते, रात्री तर आणखी लांब. एफएमची लहर ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असते आणि ती साधारण सरळ रेषेत जाते. मनोऱ्याच्या टोकावरून जिथवर दिसेल, जवळजवळ तिथवरच तिची मजल. म्हणून मुंबईचं स्टेशन कल्याणपर्यंत स्वच्छ लागतं, कर्जतपुढं खरखरतं, आणि खंडाळ्याचा घाट चढला की तोंड फिरवतं. थोडक्यात, एफएम स्वभावानंच गावाचं माध्यम आहे. सिलोन एकाच वेळी अख्ख्या देशाशी बोलायचं. एफएम बोललं तर एकाच शहराशी बोलू शकतं.

त्याचा आवाज स्वच्छ असतो त्याचं कारण सोपं आहे. मध्यम लहरीत माहिती लहरीच्या उंचीत भरलेली असते, आणि वीज चमकली किंवा मिक्सर चालू केला तरी ती उंची हलते. एफएममध्ये माहिती असते लहरीच्या कंपनांच्या बदलत्या वेगात. उंची हलली तरी रेडिओला तिच्याशी देणंघेणं नसतं.

पण या स्वच्छपणासाठी जागा लागते. दोन स्टेशनं एकमेकांच्या आवाजात घुसू नयेत म्हणून त्यांच्यात अंतर ठेवावं लागतं. मुंबईत डायल फिरवून बघा: ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३. दर वेळी बरोबर ०.८ मेगाहर्ट्झची उडी. भारतात खासगी एफएमसाठी हेच अंतर धरलं गेलं. पट्ट्याचा काही भाग आकाशवाणीकडे, काही सामुदायिक रेडिओकडे, उरलेल्यात जेमतेम दहाएक खासगी स्टेशनं बसतात. जागा मोजकी आणि गिऱ्हाइकं भरपूर, म्हणजे लिलाव आलाच.

लिलावाच्या आधी काही वर्षं एक मधली पायरी होती. १९९३ मध्ये आकाशवाणीनं मुंबई आणि दिल्लीच्या एफएमवरचे काही तास खासगी कंपन्यांना विकायला सुरुवात केली. टाइम्स एफएम आणि रेडिओ मिड-डे ही त्यातली नावं. मनोरा सरकारचा, आवाज खासगी. १९९८ मध्ये ते करार संपवले गेले. दरम्यान ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एक मोठा निकाल दिला. वाद होता क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणाचा, पण न्या. पी. बी. सावंत यांच्या निकालपत्रानं मूलभूत गोष्ट सांगितली: आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारचीही मक्तेदारी असू शकत नाही, आणि तिचा वापर लोकहितासाठी व्हावा. खासगी रेडिओचा दरवाजा या निकालानं उघडला. मात्र त्यात लोकहिताची जी अट होती, ती पुढं लिलावाच्या बोलीत कुठं दिसली नाही. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत जास्त खटकतं ते हेच.

पहिला लिलाव २००० मध्ये झाला. मुंबईच्या एका परवान्याचं वार्षिक शुल्क ९ कोटी ७५ लाखांवर गेलं, आणि दरवर्षी त्यात १५ टक्के वाढ. दहा वर्षांचा परवाना, म्हणजे पाचेक वर्षांत शुल्क दुप्पट आणि शेवटच्या वर्षी ३४ कोटींच्या पुढं. उत्पन्न होवो न होवो, रक्कम भरायचीच. २००२ मध्ये मुंबईत रेडिओ मिर्ची, रेडिओ सिटी, रेड, गो आणि विन अशी स्टेशनं सुरू झाली. त्या पहिल्या दिवसांत थोडी विविधता होती. गो ९२.५ इंग्रजी गाण्यांकडे झुकलेलं होतं. पण शुल्काच्या ओझ्यानं सगळ्यांनाच घाम फुटला, आणि विन बंद पडलं. सरकारनं अमित मित्रा समिती नेमली आणि २००५ च्या धोरणात पद्धत बदलली: एकदाच भरायचं प्रवेश शुल्क, आणि मग उत्पन्नाच्या ४ टक्के वाटा.

हे शहाणपणाचं होतं. पण प्रवेश शुल्कही लिलावानंच ठरत होतं. २०१५ च्या लिलावात मुंबईच्या एका लहरीला १२२ कोटी ८१ लाख रुपये मोजले गेले, पंधरा वर्षांसाठी. जरा भागाकार करून बघू. वर्षाला ८ कोटी १९ लाख, दिवसाला सव्वादोन लाखांच्या आसपास, तासाला नऊ हजारांवर. यात व्याज नाही, पगार नाहीत, वीज नाही, मनोऱ्याचं भाडं नाही, गाण्यांचं मानधन नाही. नुसती हवेतली जागा. त्यावर दरवर्षीचं शुल्क वेगळं: उत्पन्नाच्या ४ टक्के किंवा त्या शहराच्या प्रवेश शुल्काच्या अडीच टक्के, यांत जे जास्त असेल ते. दादरला स्टेशनसमोर अवाच्या सवा पागडी भरून गाळा घेतलेला दुकानदार तिथं खपेल तोच माल ठेवतो. रेडिओवाल्याची गत तीच.

आता खपणारा माल ओळखायचा कसा, हा पुढचा प्रश्न. रेडिओला तिकीट नसतं, त्यामुळे श्रोते मोजायला नमुना घ्यावा लागतो. २००७ पासून मुंबईसह काही महानगरांत रॅम नावाची मोजणी सुरू झाली. निवडलेले काही शे लोक आपण केव्हा, कुठलं स्टेशन ऐकलं हे डायरीत लिहायचे, आणि त्यावरून जाहिरातीचे दर ठरायचे. स्टेशनंही आपल्यापरीनं चाचणी घेतात. फोनवर गाण्याचा सात-दहा सेकंदांचा तुकडा वाजवून विचारतात की ओळखता का, आवडतं का, कंटाळा आलाय का. सात सेकंदांत जे ओळखीचं वाटत नाही ते गाणं इथंच मागं पडतं. विलंबित लयीत उलगडणारं भावगीत किंवा संथ सुरू होणारी गझल या परीक्षेत उभीच राहू शकत नाही.

त्यातून व्यवसायाचं एक साधं सूत्र तयार झालं: श्रोता खूश झाला नाही तरी चालेल, त्यानं बटण दाबता कामा नये. खूप आवडणारं पण अनोळखी गाणं लावलं तर दहातले तिघे खुलतात आणि चौघे निघून जातात. साधारण आवडणारं, ओळखीचं गाणं लावलं तर कुणी खुलत नाही, पण कुणी हलतही नाही. जाहिरातदाराला न हलणारे लोक हवे असतात. सगळी स्टेशनं हाच हिशेब करतात, आणि म्हणून सगळ्यांची यादी एकाच ठिकाणी येऊन थांबते.

वेगळं व्हायचा एक मोठा रस्ता बातम्यांचा होता. जगभर शहरी रेडिओ स्थानिक बातम्यांवर जगतो. भारतात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, पाणी-वीज यांची माहिती चालते. २०१९ पासून आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायलाही मुभा आहे. पण महापालिकेच्या सभेत काय झालं हे आपला वार्ताहर पाठवून सांगता येत नाही. वर्तमानपत्राला चालतं, टीव्हीला चालतं, यूट्यूबवर कुणालाही चालतं, फक्त रेडिओला नाही. ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, २०२३ मध्ये तासाला दहा मिनिटं बातम्यांना परवानगी द्यावी अशी शिफारस केली आहे. ती लवकर मान्य व्हायला हवी असं मी अगदी मनापासून म्हणतो.

मराठी गाण्यांचं काय? मुंबईच्या खासगी एफएमवर हिंदीच्या मानानं मराठी फार कमी ऐकू येतं, हे आपण सगळे जाणतो. गाण्यांच्या मानधनाचा इथं अडसर नाही. कॉपीराइट बोर्डानं २०१० मध्ये ते जाहिरातीच्या निव्वळ उत्पन्नाच्या २ टक्के ठरवलं होतं, आणि ते भाषा बघत नव्हतं. अडसर जाहिरात विकण्यात आहे. मोठे जाहिरातदार मुंबई ही हिंदी बाजारपेठ धरून वेळ विकत घेतात, दिल्ली आणि लखनौच्या जोडीला. मराठी श्रोता हिंदी गाणं लागल्यावर बटण दाबत नाही, पण अमराठी श्रोता मराठी गाण्याला थांबेलच असं नाही, या गृहीतकावर यादी बनते. आपण दोन्ही भाषा आनंदानं ऐकतो, आणि या हिशेबात नेमकं तेच आपल्या गाण्यांच्या विरोधात जातं. मराठी गाणी ऐकायला अस्मिता वाहिनी आहे, पण तिची मध्यम लहर मोबाइलवर पकडता येत नाही. तिथं आकाशवाणीचं अ‍ॅपच घ्यावं लागतं.

गावाचा आवाज ऐकायचा असेल तर आज डायलवर सामुदायिक रेडिओ शोधावा लागतो. शैक्षणिक संस्थांना हे परवाने २००२ पासून आणि सामाजिक संस्थांना २००६ पासून मिळू लागले. लिलाव नाही, पण शक्ती १०० वॉटपर्यंतच, म्हणजे दहा-पंधरा किलोमीटरचा टापू. मुंबई विद्यापीठाचं १०७.८ वरचं स्टेशन २००८ मध्ये कालिन्यातून सुरू झालं. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. बारामतीला वसुंधरा वाहिनी आहे. माणदेशीवर तिथल्याच बाया ओव्या म्हणतात, गावातला मुलगा गातो, शेतीची आणि पाण्याची चर्चा त्याच बोलीत होते. तासाला नऊ हजारांचं भाडं डोक्यावर नसलं की स्टेशनला अनोळखी गाणं लावण्याची भीती वाटत नाही.

मधल्या आकाराच्या शहरांची बाजू आता पुढं येते आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २३४ नव्या शहरांत ७३० एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मान्यता दिली. शुल्क उत्पन्नाच्या ४ टक्के, जीएसटी वगळून. स्थानिक भाषेतल्या कार्यक्रमांना चालना मिळावी हा त्यामागचा उद्देश सांगितला गेला आहे. एक-दोन लाख वस्तीच्या गावात मुंबईइतकी बोली लागणार नाही, आणि हीच तिथल्या स्टेशनची खरी संधी आहे. मात्र मुंबईच्या कंपनीनं परवाना घेऊन मुंबईचीच यादी तिथं वाजवली तर गावाच्या वाट्याला फक्त मनोरा येईल. परवान्यात स्थानिक भाषेच्या आणि स्थानिक कलाकारांच्या वेळेची ठोस अट घालणं सरकारच्या हातात आहे. मुंबईत, स्टेशनांमधलं अंतर ०.८ वरून ०.४ वर आणायची जी शिफारस ट्रायनं केली होती ती अमलात आली, तर पट्ट्यात नवी जागा निघू शकते. तशी ती निघालीच तर त्यातली एक लहर बोली न लावता, पूर्णवेळ मराठी गाण्यांसाठी राखून ठेवावी, ही मागणी आपण आत्तापासून लावून धरली पाहिजे.